खिशातला गांजा, कोठडीतला गांजा

बारावीचा पेपर चालू आहे. भरारी पथक वर्गात शिरतं आणि एका मुलाच्या खिशात चिठ्ठी सापडते. मुलगा शपथेवर सांगतो, "मी ती बाहेरसुद्धा काढली नाही. उत्तरपत्रिका बघा, चिठ्ठीतलं एक अक्षर त्यात सापडणार नाही." समजा, तो खरं बोलतो आहे. वर्गाबाहेरच्या फळ्यावर 'कॉपी करण्यास सक्त मनाई' एवढंच लिहिलेलं असेल, तर त्याने नियम मोडला का? एखादा वकील म्हणेल, बाळगणं वेगळं आणि करणं वेगळं. केंद्रसंचालक म्हणतील, मग चिठ्ठी काय पूजा करायला आणली होती?

आता फळ्यावरचं वाक्य जरा बदलू. 'कॉपी करण्यासंबंधीचे सर्व नियम येथे लागू राहतील.' या 'संबंधी'च्या पोटात चिठ्ठी बाळगणंही येतं का?

२०२१ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाला जवळजवळ हाच प्रश्न सोडवावा लागला. वर्गाच्या जागी तुरुंग होता, चिठ्ठीच्या जागी गांजा, आणि उत्तरावर माणसांची काही वर्षं अवलंबून होती. तुरुंगात अमली पदार्थ सापडला की सगळं सरळ असेल असं बाहेरून वाटतं: माल सापडला, पंच आहेत, शिक्षा ठोका. न्यायालयात मात्र 'ताबा', 'आणणे', 'संबंधी' अशा साध्या शब्दांचा दिवसेंदिवस कीस पाडला जातो. तो का पाडावा लागतो, हे कॅलिफोर्नियाच्या उदाहरणावरून चांगलं समजतं. तिथे या विषयावर भरपूर निकाल आहेत आणि ते एकमेकांशी भांडतातही.

ताबा म्हणजे हातात असणं नव्हे

कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेचं कलम ४५७३.६ तुरुंगात नियंत्रित अमली पदार्थ जाणूनबुजून बाळगण्याबद्दल दोन, तीन किंवा चार वर्षांची कैद सांगतं. तुरुंगात असताना केलेल्या अशा गुन्ह्याची शिक्षा सर्वसाधारणपणे आधीच्या शिक्षेला जोडून, म्हणजे ती संपल्यावर भोगायची असते. दोन्ही एकत्र भोगून सुटका होईल, ही आशा तिथे सहसा ठेवता येत नाही. त्यामुळे चिमूटभर मालावरूनही लोक वरच्या न्यायालयापर्यंत लढतात.

पहिला झगडा 'बाळगणे' या क्रियापदाशी. खिशात पुडी असेल तर वाद नाही. पण तुरुंगातली कोठडी बहुधा दोघांची असते. वरच्या बाकड्यावर एक झोपतो, खालच्या बाकड्यावर दुसरा. पुडी सापडते ती भिंतीच्या भेगेत, नाही तर दोघांच्या सामाईक शेल्फच्या मागे. ती कुणाची?

कायद्याचं उत्तर असं: वस्तू अंगावर असण्याची गरज नाही, तिच्यावर नियंत्रण असलं किंवा नियंत्रणाचा अधिकार असला तरी पुरे. हे नियंत्रण दुसऱ्या माणसामार्फतही असू शकतं. एकाच वस्तूचा ताबा एकाच वेळी दोघांकडे असू शकतो. इथपर्यंत सरकार पक्ष खुशीत असतो. पण नुसती जवळीक म्हणजे ताबा नव्हे, हे याच नियमाचं दुसरं टोक. पुडी हाताच्या अंतरावर होती एवढ्याने भागत नाही. ती तिथे आहे हे आरोपीला माहीत होतं आणि ती त्याच्या हुकमतीत होती, हे दाखवावं लागतं. मग बोटांचे ठसे, गादीला पाडलेलं भोक, त्या कप्प्यात सापडलेली त्याच्या नावाची पत्रं असा बारीकसारीक पुरावा पुढे येतो.

'माहीत होतं' यातही दोन पदर आहेत. वस्तू तिथे आहे हे माहीत असणं, आणि ती नियंत्रित पदार्थ आहे हे माहीत असणं. पदार्थाचं नेमकं रासायनिक नाव ठाऊक नसलं तरी चालतं. पण मित्राने दिलेली पुडी डोकेदुखीची पावडर आहे अशी आरोपीची खरोखर समजूत असेल, तर गुन्ह्याचा एक पायाच निखळतो.

आपल्याकडचा कायदा इथे वेगळ्या वाटेने जातो. १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात, त्यातही ताबा 'जाणीवपूर्वक' हवा असं सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. गाडीत सापडलेल्या चरसबाबतचा २००३चा मदनलाल विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य हा निकाल त्यासाठी नेहमी पुढे केला जातो. फरक आहे तो सिद्ध कुणी करायचं यात. एनडीपीएसच्या कलम ३५प्रमाणे आरोपीच्या मनात आवश्यक ती जाणीव होती असं न्यायालय गृहीत धरतं, आणि ती नव्हती हे आरोपीने दाखवायचं, तेही वाजवी संशयाच्या पलीकडे जाऊन. एकदा वस्तू त्याच्या ताब्यात होती हे सरकार पक्षाने दाखवलं, की मनातलं उलगडून दाखवण्याचं ओझं आरोपीवर येऊन पडतं. कॅलिफोर्नियात ते ओझं शेवटपर्यंत सरकार पक्षाकडेच राहतं. दोन्हीकडे 'जाणीव' हाच शब्द वापरतात, पण आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर या फरकाचं वजन कळतं.

मग प्रमाण. १९६६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लील खटल्यात म्हटलं की चमच्याला चिकटलेला, वापरण्याजोगा नसलेला अंश म्हणजे ताबा नव्हे. तेव्हापासून 'वापरता येईल इतकं' प्रमाण ही अट रूढ झाली. ती ऐकून वकिलांच्या तोंडाला पाणी सुटतं, पण ती फार दूर नेत नाही. माल शुद्ध हवा किंवा त्याने नशा चढली पाहिजे, असं न्यायालय म्हणत नाही. निरुपयोगी डाग नसला, कुणी ओढू शकेल, हुंगू शकेल इतकं असलं की झालं.

---
चौकट: तुरुंगातल्या ताब्याचा गुन्हा शाबित व्हायला कॅलिफोर्नियात काय लागतं?

ज्युरीला समजावून सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी ढोबळमानाने अशा:

– आरोपीच्या ताब्यात, म्हणजे प्रत्यक्ष किंवा हुकमतीखाली, पदार्थ होता. आणि तो बाळगण्याची त्याला परवानगी नव्हती.
– पदार्थ तिथे आहे हे त्याला माहीत होतं.
– तो नियंत्रित पदार्थ आहे हेही माहीत होतं.
– प्रमाण वापरता येईल इतकं होतं.
– जागा तुरुंग, कारागृह किंवा कायद्यात सांगितलेली तत्सम जागा होती.

यातली एक जरी गोष्ट वाजवी संशयापलीकडे सिद्ध झाली नाही, तर आरोपी या कलमाखाली दोषी ठरत नाही.
---

'मी स्वतःहून आलोच नव्हतो'

ताबा हा स्थिर शब्द आहे. 'आणणे' मात्र हालचालीचा शब्द, आणि त्यातून एक वेगळंच कोडं निघतं.

कलम ४५७३ सांगतं की जो कुणी जाणूनबुजून तुरुंगात अमली पदार्थ आणेल, त्याला दोन, तीन किंवा चार वर्षं. हे कलम वाचताना डोळ्यासमोर कोण येतं? भेटीला आलेली बायको, डब्यातून माल पुरवणारा मित्र, फितूर पहारेकरी. पण रस्त्यावर पोलिसांनी धरलेल्या माणसाचं काय? त्याच्या मोज्यात पुडी आहे. त्याला बेड्या घालून गाडीत बसवलं, तुरुंगाच्या दारातून आत नेलं, आणि आतल्या झडतीत पुडी सापडली. त्याने ती तुरुंगात 'आणली' का? त्याला तर तुरुंगात यायचंच नव्हतं.

२०१०च्या पीपल विरुद्ध लो खटल्यात हेच घडलं होतं. चोरीची गाडी चालवल्याबद्दल माणूस पकडला गेला. तुरुंगात अमली पदार्थ नेणं हा वेगळा गुन्हा आहे, जवळ काही आहे का, असं अधिकाऱ्याने त्याला विचारलं. तो नाही म्हणाला. आत मोज्यात मेथॅम्फेटामाइन निघालं. त्याच्या वकिलाने दोन मुद्दे मांडले. पहिला: येणं स्वेच्छेचं नसेल तर आणणंही स्वेच्छेचं नाही. दुसरा जास्त धारदार: 'हो, आहे' म्हणावं तर बाळगण्याचा गुन्हा स्वतःच्याच तोंडाने कबूल होतो, गप्प राहावं तर तुरुंगात आणण्याचा मोठा गुन्हा घडतो. अमेरिकी राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीप्रमाणे स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कुणाला भाग पाडता येत नाही. मग ही इकडे आड तिकडे विहीर कशाला?

न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. कलमात 'जो कुणी' आहे, अटक झालेल्यांना वगळलेलं नाही. तुरुंगाकडे नेणं सक्तीचं होतं, पण पुडी मोज्यात ठेवून, आपण कुठे चाललो आहोत हे जाणून, ती तशीच लपवून आत जाणं ही त्याची स्वतःची करणी होती. आणि शिक्षा होते ती लपवून नेण्याच्या कृतीला, बोलण्याला नव्हे. एक गुन्हा झाकण्यासाठी दुसरा करण्याची मुभा घटना देत नाही.

ओरेगनच्या अपील न्यायालयाने २००२ साली टिपेट्स खटल्यात उलट म्हटलं होतं. 'आणणं' हीच गुन्ह्याची कृती असेल तर तुरुंगाच्या आत येण्याचा भागही माणसाच्या इच्छेने घडलेला हवा, आणि पोलिसांनी नेलं म्हणजे तो भाग त्याचा राहत नाही. वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये ईटन खटल्यात याच विचाराने तुरुंगातल्या ताब्याबद्दलची वाढीव शिक्षा रद्द केली. साध्या ताब्याचा गुन्हा कायम राहिला, वाढ गेली. ओहायोने २००९मध्ये कॅलिफोर्नियाच्या बाजूचं मत दिलं होतं.

मला स्वतःला लो निकालात एक अडचण जाणवते. आधी विचारलं, ताकीद दिली, तरी लपवलं, तेव्हा निवड त्याने केली असं म्हणता येतं. पण जिथे कुणी विचारलंच नाही, माणूस नशेत होता, आणि दहा मिनिटांत रस्त्यावरून कोठडीत पोचला, तिथे 'लपवून नेण्याची करणी' हे शब्द मला बरेच ओढूनताणून वाटतात. ओरेगनचा निकाल तर्काने स्वच्छ आहे, पण त्याने तुरुंगाच्या दारात लपवालपवीला बक्षीस मिळतं. राज्याराज्यांत मत फुटलं ते उगाच नाही.

आपल्याकडच्या १८९४च्या कारागृह कायद्याच्या कलम ४२ची रचना या संदर्भात पाहण्यासारखी आहे. तुरुंगात मनाई असलेली वस्तू आत घालणं, बाहेर काढणं, त्याचा प्रयत्न करणं, आणि तुरुंगाच्या हद्दीबाहेर असलेल्या कैद्याला अशी वस्तू पुरवणं, हे सगळं त्यात येतं. म्हणजे तारखेला कोर्टात आणलेल्या कच्च्या कैद्याच्या हातात कॉरिडॉरमध्ये कुणी पुडी सरकवली, तर तीही या कलमाच्या कक्षेत. वासाहतिक काळात लिहिणाऱ्याला कोर्टाचा व्हरांडा चांगलाच माहीत असावा. मूळ कायद्यातली शिक्षा मात्र कमाल सहा महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड किंवा दोन्ही. खरी जड शिक्षा येते ती एनडीपीएसमधून, आणि तिथे प्रश्न जागेचा राहत नाही, पदार्थ आणि त्याचं वजन यांचा होतो. गांजा एक किलोपेक्षा कमी तर 'अल्प प्रमाण', वीस किलोपेक्षा जास्त तर 'व्यापारी प्रमाण', अशी ती उतरंड.

उसनी घेतलेली व्याख्या

आता मूळ कोड्याकडे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ६४वा प्रस्ताव सुमारे ५७ टक्के मतांनी मंजूर केला. एकवीस किंवा त्याहून जास्त वयाच्या माणसाने २८.५ ग्रॅमपर्यंत गांजा बाळगणं गुन्हा राहिलं नाही. प्रस्तावात आणखी एक उदार तरतूद होती: नव्या कायद्यानुसार जे गुन्हेगारच ठरले नसते, पण जुन्या कायद्याखाली शिक्षा भोगत आहेत, त्यांनी न्यायालयात अर्ज करून शिक्षा रद्द करून घ्यावी.

सॅक्रामेंटो परगण्यातल्या राज्य तुरुंगातले पाच कैदी हा अर्ज घेऊन पुढे आले. प्रत्येकाच्या कोठडीत नव्या मर्यादेपेक्षा कमी गांजा सापडला होता आणि प्रत्येकाला कलम ४५७३.६खाली शिक्षा झाली होती. खटला त्यांच्यातल्या एकाच्या नावाने, पीपल विरुद्ध रेबन म्हणून, ओळखला जातो.

त्यांचा युक्तिवाद ऐकून पहिल्यांदा हसू येतं. तुरुंगात गांजा कायदेशीर? पण कलमाचे शब्द वाचले की हसू मावळतं. कलम ४५७३.६ 'गांजा' असं म्हणत नाही. ते म्हणतं, असे नियंत्रित पदार्थ 'ज्यांचा ताबा आरोग्य व सुरक्षा संहितेच्या दहाव्या विभागाने निषिद्ध केला आहे'. म्हणजे काय निषिद्ध हे कलम स्वतः ठरवतच नाही, ते दुसऱ्या संहितेकडून उसनं घेतं. आणि ६४व्या प्रस्तावाने त्याच दहाव्या विभागात बदल करून थोड्या गांजाचा ताबा निषिद्ध यादीतून काढला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

या उसनवारीला जुना दाखलाही होता. १९९३ साली फेंटन खटल्यात अपील न्यायालयाने म्हटलं होतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवर घेतलेलं वेदनाशामक औषध तुरुंगात नेणं कलम ४५७३मध्ये बसत नाही, कारण चिठ्ठी असल्यावर दहावा विभाग त्याचा ताबा निषिद्ध करत नाही. तुरुंगासाठी हे गैरसोयीचं असेल, पण विधिमंडळाने शब्दच असे निवडले आहेत, मग आम्ही काय करणार, असा त्या निकालाचा सूर होता.

सॅक्रामेंटोच्या खालच्या न्यायालयाने पाचही अर्ज फेटाळले. २०१९च्या जूनमध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ते मान्य केले. सरकार पक्षाने तुरुंगात गोंधळ माजेल अशी भीती घातली. न्यायालयाने सांगितलं की ताबा गुन्हा नसला तरी तुरुंग प्रशासन आपल्या नियमांनी तो बंद ठेवू शकतं, शिस्तभंगाची कारवाई करू शकतं, सवलतीचे दिवस कापू शकतं. त्याच्या काही महिने आधीच सॅन फ्रान्सिस्कोच्या अपील न्यायालयाने पेरी खटल्यात नेमकं उलट म्हटलं होतं. एकाच राज्यात, एकाच कलमाचे दोन अर्थ. आता सर्वोच्च न्यायालयाला उतरणं भागच होतं.

'संबंधी' किती ताणायचा?

६४व्या प्रस्तावात तुरुंगांचा उल्लेख एका ठिकाणी येतो. नव्या सवलतीमुळे काही कायद्यांना धक्का लागणार नाही, अशी एक यादी त्यात आहे आणि तिचं एक पोटकलम असं: तुरुंग खात्याच्या अखत्यारीतल्या संस्थांमध्ये गांजा 'ओढण्यासंबंधी किंवा सेवनासंबंधी' असलेले कायदे.

ओढणं आहे, सेवन आहे. बाळगणं नाही.

कैद्यांचं म्हणणं उघड होतं. प्रस्ताव लिहिणाऱ्यांना 'बाळगणे' हा शब्द माहीत नव्हता असं नाही. शाळांच्या आवारासाठीच्या तरतुदीत त्यांनी बाळगणं, ओढणं, सेवन अशी तिन्ही क्रियापदं लिहिली आहेत. चालत्या गाडीतल्या उघड्या पाकिटासाठीही बाळगणं लिहिलं आहे. तुरुंगाच्या ओळीत तेवढं एक क्रियापद गळलं, ते विसरून की मुद्दाम? कायद्याच्या अर्थनिर्णयाचा जुना संकेत सांगतो की एका जागी शब्द आहे आणि दुसऱ्या जागी नाही, तर नसण्यालाही अर्थ द्यावा.

१२ ऑगस्ट २०२१ रोजी न्यायमूर्ती जोशुआ ग्रोबन यांनी बहुमताचा निकाल लिहिला आणि तो कैद्यांच्या विरुद्ध गेला. बारावीच्या फळ्यावरचं दुसरं वाक्य इथे उपयोगी पडतं. बहुमताचा भर 'संबंधी'वर आहे. याच यादीतली शेजारची पोटकलमं पाहिली तर कुठे 'बेकायदा ठरवणारे कायदे', कुठे 'मनाई करणारे कायदे' असे आखूड शब्द दिसतात. तुरुंगाच्या ओळीतच ऐसपैस 'संबंधी' आहे. तुरुंगात ताब्यावर बंदी घातली जाते ती सेवन होऊ नये म्हणूनच. म्हणजे ताब्याचा कायदा हा सेवनासंबंधीचाच कायदा.

दुसरा मुद्दा मला सगळ्यात वजनदार वाटतो. तुरुंगात गांजा ओढण्याबद्दल स्वतंत्र शिक्षा सांगणारं कलम कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत नव्हतंच. होती ती आणण्याची आणि बाळगण्याची कलमं. मग 'ओढण्यासंबंधीचे कायदे' तसेच राहतील असं लिहून प्रस्तावाने नेमकं काय वाचवलं? पोटकलम फक्त ओढण्यापुरतं वाचलं तर त्याच्या हाती फारसं काही लागत नाही, आणि निरर्थक वाक्य कुणी कायद्यात लिहीत नाही असं न्यायालयं धरून चालतात.

तिसरा मुद्दा मतदारांच्या हेतूचा. विधिमंडळाने केलेल्या कायद्याचा हेतू शोधायचा तर सभागृहातली चर्चा, समित्यांचे अहवाल असतात. मतदारांनी थेट केलेल्या कायद्यात कोट्यवधी लोकांच्या मनात काय होतं हे शोधायचं कुठे? कॅलिफोर्नियात मतदानाआधी मतदारांना माहितीपुस्तिका मिळते, त्यात प्रस्तावाचा मसुदा आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवाद असतात. न्यायालयं ती पुस्तिका उघडतात. तुरुंगात गांजाला मोकळीक मिळेल असं त्या पुस्तिकेत कुठेही सुचवलेलं नव्हतं. इतका मोठा बदल करायचा असता तर कुणीतरी तो मोठ्याने सांगितला असता, आणि विरोधकांनी तर ढोल बडवले असते, असा त्यामागचा विचार. ओढायला बंदी पण बाळगायला मोकळीक, असं मतदारांना कशाला हवं असेल, हे बहुमताला उमगेना.

इथे कुणी विचारेल, शंका असेल तर तिचा फायदा आरोपीला हा नियम कुठे गेला? दंडाच्या कायद्याचे दोन अर्थ निघत असतील तर आरोपीच्या बाजूचा घ्यावा, हे तत्त्व कॅलिफोर्नियातही आहे. पण ते शेवटी वापरायचं असतं. शब्द, संदर्भ, हेतू हे सगळं तपासूनही तराजू अगदी समतोल राहिला तरच. न्यायाधीशाच्या मते पारडं जरासं जरी एकीकडे झुकलं, तर तत्त्व कपाटात राहतं. व्यवहारात ते फारच क्वचित बाहेर येतं, आणि पारडं झुकलं की नाही हेही न्यायाधीशच ठरवतो, ही त्यातली गोम.

शिक्षा फार जड आहेत असं कुणाला वाटत असेल तर ते बदलण्याचं काम विधिमंडळाचं किंवा मतदारांचं, असंही बहुमताने नोंदवून ठेवलं.

क्रुगर यांनी काढलेली वाट

न्यायमूर्ती लिओंड्रा क्रुगर बहुमताशी अर्ध्या सहमत होत्या. तुरुंगातला गांजा मोकळा झालेला नाही, हे त्यांनाही मान्य. पण तो कलम ४५७३.६मध्ये आता बसत नाही, असं त्यांनी लिहिलं. त्या कलमाने दहाव्या विभागाकडून व्याख्या उसनी घेतली आहे. मूळ यादीतून वस्तू गेली की उसनी घेणाऱ्याकडूनही गेली. यात ६४व्या प्रस्तावाने तुरुंगाच्या कायद्याला धक्का लावला असं होत नाही, त्या कायद्यानेच आधीपासून स्वतःला दुसऱ्याच्या दावणीला बांधून घेतलं होतं.

मग गांजा बाळगणारा कैदी सुटला का? नाही. दंडसंहितेत शेजारीच कलम ४५७३.८ आहे. ते कोणत्याही स्वरूपातली ड्रग्ज आणि दारू परवानगीशिवाय तुरुंगात बाळगण्याबद्दल आहे, आणि त्यात दहाव्या विभागाची उसनवारी नाही. दारूचं उदाहरण इथे बोलकं आहे. बाहेर ती पूर्ण कायदेशीर, दुकानात मिळते. तुरुंगात बाळगली तर याच कलमाखाली गुन्हा. बाहेर कायदेशीर पण आत मनाई अशा वस्तूंसाठी विधिमंडळाने हा कप्पा आधीच तयार ठेवला होता. २०१६नंतर गांजा नेमका त्याच जातीचा झाला, तर तो त्या कप्प्यात गेला.

मला हे वाचन बहुमतापेक्षा जास्त पटतं. बहुमताला 'संबंधी' शब्द ताणावा लागतो आणि 'दहाव्या विभागाने निषिद्ध केलेला' या शब्दांना जवळजवळ रजेवर पाठवावं लागतं. क्रुगर यांच्या वाचनात दोन्ही शब्द आपापल्या जागी राहतात, तुरुंगही मोकाट सुटत नाही. बहुमताची भीती, की मतदारांना तुरुंगात गांजा नको होता, ती ४५७३.८ने पुरेशी भागत होती.

फरक पडतो तो शिक्षेत. ४५७३.६ची शिक्षा दोन, तीन किंवा चार वर्षं. ४५७३.८ची सोळा महिने, दोन किंवा तीन वर्षं. क्रुगर यांचं मत बहुमताचं झालं असतं तर कोठडीत सापडलेल्या गांजाची किमान शिक्षा आठ महिन्यांनी आणि कमाल शिक्षा वर्षाने कमी झाली असती. तसं झालं नाही. अपील न्यायालयाचा निकाल रद्द झाला, आणि त्या निकालाने पाच कैद्यांना मिळालेला दिलासाही त्याबरोबर गेला.